ती एकदाची बोलत का नाही गं!

आधी पत्र, थोडं छाटून देते.

"ताई, मी ४३ वर्षांची, इंदूरच्या सुदामानगरात राहते. घरी नवरा, अकरावीतली मुलगी आणि सासूबाई, त्या ७४ च्या. रात्री आठला जेवताना आम्ही सगळे एक मराठी सीरियल बघतो, दीड वर्ष झालं. मला आवडते ती. त्यातली आत्या तर इतकी धमाल आहे की तिच्यासाठी मी पोळ्या साडेसातलाच उरकते. पण नायिका! तिला सगळं माहीत असतं, दागिने कोणी काढले, कोऱ्या कागदावर सही कोणी घेतली, आणि तरी ही गप्प, 'योग्य वेळ आली की सांगेन'. डोकं फिरतं माझं. गेल्या मंगळवारी वाढता वाढता मी ओरडलेच, अगं बावळट, तोंड उघड ना, कणा आहे का नाही तुला! तर सासूबाईंनी रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, 'बोलायची सोय असती तर बोलली असती.' पुढे दोन दिवस जेवताना टीव्ही लागलाच नाही. मुलगी म्हणते आई ही टॉक्सिक सीरियल आहे, सोड. नवरा म्हणतो एकीकडे बीपीची गोळी घेतेस आणि एकीकडे हे बघतेस. मला सोडायची नाहीये. पण एकच बाई सगळ्या मजेवर पाणी फिरवते, तर बघायचं कसं? — वैतागलेली"

वैतागलेली, तुझं पत्र वाचून मी एकटीच हसत बसले होते, कारण मागच्या आठवड्यात मी पण हेच केलं, फक्त माझ्यापुढे मटारची परात होती आणि ओरडण्याच्या नादात दाणे सालांच्या टोपलीत आणि सालं परातीत जायला लागली, हे बघितलं आमच्या ह्यांनी आणि काही न बोलता टोपली उचलून घेऊन गेले. सीरियलचं नाव तू लिहिलंयस पण मी इथे देत नाही, उगाच नायिकेचे फॅन माझ्या अंगावर यायचे. आणि नाव कुठलंही टाक, आठची असो साडेआठची असो, ही बाई सगळीकडे असतेच.

आता "सोड मग, बघू नको" म्हणणाऱ्यांचं काय करायचं ते आधी सांगते. काही करायचं नाही. घरच्या पोह्यात एखादा खवट दाणा लागतोच, म्हणून बशी सरकवून उठलेला माणूस मी तरी इंदूरमध्ये पाहिलेला नाही. तोंड वाकडं करायचं, दाणा बाजूला काढायचा, वरून अजून थोडी सेव घ्यायची. अर्थात खवट चव नुसत्या सेवेने जात नाही, जिलबीचा तुकडा लागतो, आणि तुझ्याकडे तो आहे ना, ती आत्या.

पण तू विचारलंयस बघायचं कसं, त्याच्या आधी मला जरा हे बघू दे की तुला राग नक्की कोणाचा येतोय, कारण माझा अनुभव असा की तिथे आपण सगळे चुकतो.

खलनायिकेचा राग येतो का तुला? पत्रात तिचं नाव पण नाहीये बघ! दागिने काढले तिने, सही घेतली तिने, आणि शिव्या कोणाला तर नायिकेला. वाईट माणसाचं आपल्याला टीव्हीवर काही वाटत नाही, उलट गंमत वाटते. रात्रीस खेळ चाले मधले अण्णा नाईक आठवतात ना, एक नंबरचा हलकट माणूस, आणि लोक नुसते फिदा, माधव अभ्यंकरांनी ते कामच तसं केलं. माझ्या नवऱ्याची बायको मध्ये पण तेच, शनायाला नावं ठेवत ठेवत बायका तिच्या साड्या ड्रेस सगळं बारकाईने बघायच्या, पण राधिका आज परत गुरूच्या बोलण्यात आली की मात्र आमच्या भिशीत दुसऱ्या दिवशी तिचाच उद्धार. वाईटाकडून आपली काही अपेक्षाच नसते. चांगला माणूस उगाच माती खातो ना, तेव्हा जीव जळतो.

रामायण लागायचं तेव्हाचं एक सांगते. १९८७, माझं नुकतं लग्न झालेलं, रामबागेतलं घर, आणि खालच्या मजल्यावर काकूंकडे टीव्ही. रविवारी सकाळी साडेनऊला त्या एका खोलीत आम्ही पंचवीस-तीस माणसं, लहान पोरं पलंगाखाली, रस्ता असा सुना की राजवाड्यापर्यंत सायकल डोळे मिटून चालवावी. तिथे एक आजी यायच्या, त्यांना मंथरा बघवायची नाही. मंथरा आली की आजी उठून गॅलरीत, आणि तिथून दर दोन मिनिटांनी आवाज, "गेली का ती?" आम्ही म्हणायचो नाही अजून. परत, "गेली का?" आणि शेवटी आत आल्या की कैकेयीला काय काय भरवलं ते शब्दाशब्दाने आम्हालाच सांगायच्या, कारण गॅलरीत उभं राहून त्यांनी सगळं ऐकलेलं असायचं. एक वाक्य चुकवायच्या नाहीत. ती मंथरा म्हणजे ललिता पवार, आपल्या येवल्याच्या. आणि ज्या डोळ्याला बघून आम्ही "मेली बघते कशी" म्हणायचो तो डोळा १९४२ साली शूटिंगमध्ये जोरात बसलेल्या थपडेने तसा झालेला, पुढे तीन वर्षं औषधपाणी, नायिकेची कामं गेली ती गेलीच. हे मला फार उशिरा कळलं. आजींना तर कळलंच नाही.

आणि रावण तर आपल्या इंदूरचाच ना! अरविंद त्रिवेदी, १९३८ साली इथे जन्मले. १९९१ च्या निवडणुकीत सीता बडोद्याहून निवडून आली आणि रावण साबरकांठ्याहून, दोघंही एकाच पक्षातर्फे लोकसभेत. म्हणजे वर्षभर ज्याला बघून मुठी आवळल्या त्याला लोकांनी नंतर रांग लावून मतं दिली. म्हणून म्हणते, दुष्टांची काळजी करू नको, दुष्टांचं बरं चाललेलं असतं.

मग ही बया गप्प का बसते? अगं, ती बोलली तर शनिवारी सीरियल संपेल, इतकं साधं आहे. हिशेब कर, अर्ध्या तासातून जाहिराती काढल्या की उरतात साधारण २२ मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १३२ मिनिटं, दर आठवड्याला जवळपास एक अख्खा सिनेमा लिहायचा, शूट करायचा, कापायचा आणि द्यायचा, आणि वर्षाचे तीनशेच्या वर एपिसोड. चार दिवस सासूचे तर तीन हजार एपिसोडच्या वर गेली होती. आई कुठे काय करते २०१९ च्या डिसेंबरला लागली ती २०२४ चा नोव्हेंबर संपताना थांबली. एवढ्या काळात गुपित फुटलं, गैरसमज मिटला, सगळे एकत्र जेवायला बसले, तर उद्या आठ वाजता दाखवायचं काय? म्हणून तिचं तोंड लेखकाने शिवून ठेवलेलं असतं. आणि लेखक पण एक नसतो, सुरुवातीची नावं जातात तेव्हा नीट बघ, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, त्यामुळे सोमवारी खमकी असलेली बाई गुरुवारी एकदम मेणाची होते आणि आपण म्हणतो हिला झालं काय.

अजून एक गंमत. टीआरपीचा आकडा दर आठवड्याला गुरुवारी येतो, त्यासाठी देशभरात पन्नास हजारांच्या वर घरांत मीटर लावलेले असतात, आणि त्या मीटरला एवढंच कळतं की टीव्ही चालू आहे, अमुक चॅनल लागलंय आणि घरातलं कोण समोर बसलंय. समोर बसलेली बाई कौतुकाने बघतेय का लाटणं उगारून, हे त्याला कळत नाही. तुझ्याकडे मीटर नसेल, पण तुझ्यासारख्या दुसऱ्या कोणाकडे आहे आणि ती पण उद्या तरी बोलेल म्हणून परत आठला बसते. म्हणजे तुझं वैतागणं हेच त्यांचं भांडवल. मला हे कळल्यापासून नायिकेचा राग अर्ध्यावर आला, बिचारी नोकरी करते, तिला पगारच गप्प बसायचा मिळतो. उरलेला अर्धा राग मी लिहिणाऱ्यांवर काढते, मोठ्याने काढते, आमच्याकडे "काय रे लेखका, झोप लागली होती का" हे वाक्य आता नातवाला पण पाठ आहे. तू पण हे कर. "अगं बावळट" च्या जागी "अरे लेखका". ऐकायला फरक छोटा वाटतो पण घरातल्या कोणाच्या अंगावर जात नाही ते.

आणि इथे येते मी तुझ्या पत्रातल्या त्या एका वाक्यावर, जे तू लिहून पुढे निघून गेलीस आणि मी तिथेच अडकले. "बोलायची सोय असती तर बोलली असती."

हे सासूबाई नायिकेबद्दल बोलल्या असं वाटलं तुला?

माझी आई. १९५८ साली उज्जैनहून लग्न होऊन इंदूरला आली, एकोणीस वर्षांची, घरात चौदा माणसं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती माझ्याकडे होती, शूटिंगं बंद, चॅनलवाले जुनेच एपिसोड लावायचे, दूरदर्शनवर रामायण परत लागलेलं, बाकी दिवसभर काही ना काही चालू. एका दुपारी कुठल्याशा जुन्या सीरियलमध्ये सुनेच्या पाटल्या गेल्या आणि तिने चोराला पाहिलेलं असतं. मी नेहमीसारखी, सांग ना गं सांग. आई लसूण सोलत होती, मान पण वर केली नाही, म्हणाली, "ही नाही सांगणार." मी म्हणलं का नाही सांगणार? तर म्हणे, "सांगून जाईल कुठे? सकाळी परत त्याच चुलीपाशी उभं राहायचंय ना." आणि मग लसूण संपेपर्यंत तिने मला तिच्या स्वतःच्या पाटल्यांचं सांगितलं, एका नणंदेच्या लग्नात गेलेल्या, कोणी काढून दिल्या ते तिला त्याच दिवशी कळलेलं. बासष्ट वर्षं. वडिलांना पण बोलली नव्हती. मी तिची मुलगी, माझ्या लग्नात तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या आणि मला वाटायचं आईला सोन्याची आवड नाही.

म्हणजे मी इतकी वर्षं टीव्हीसमोर "कणा नाही का" ओरडत होते ते कोणाला ऐकू जात होतं, हिशेब कर. मला रडू आलं असं नाही, मला भयंकर लाज वाटली, आणि आईने लसणाची सालं गोळा करून विचारलं, चहा टाकतेस का.

तुझ्या सासूबाईंचं असंच काही असेल असं मी छातीठोक म्हणणार नाही, मी त्यांना ओळखत नाही. कदाचित त्यांना नुसतं जेवताना आरडाओरडा चालत नसेल. पण टीव्ही दीड वर्षात एकदाच बंद झाला आणि तो कुठल्या शब्दावर झाला हे बघ की.

ही गोष्ट नवीन नाहीये बरं का. हम लोग आठवते? १९८४ ची, आपल्याकडे ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या ओट्यावर चपलांचा ढीग असायचा त्या दिवसांतली. विदर्भातले वसंत साठे केंद्रात मंत्री होते, मेक्सिकोत लोकांना चार गोष्टी शिकवायला सीरियली बनवतात हे बघून आलेले, त्यावरून आपल्याकडे ही निघाली. त्यात भागवंती म्हणून आई, सोसणारी, दारूड्या नवऱ्याचं ऐकून घेणारी, सगळ्यांचं करून स्वतः उरलेलं खाणारी. करणाऱ्यांचा हेतू असा की बायकांनी तिला बघून म्हणावं, असं जगायचं नाही. पुढे संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं तर कितीतरी जणांना तीच आदर्श वाटलेली! बाई असावी तर अशी. शेवटी अशोक कुमार पडद्यावर येऊन समजावून सांगायचे तरीसुद्धा. मी तेव्हा कॉलेजात होते, मला भागवंती डोक्यात जायची, आणि आई ती आली की हातातलं काम ठेवून बघायची. मला वाटायचं आईला कळत नाही. तिला सगळं कळत होतं, ती बघत होती आपलं कसं दिसतं ते.

बरं, आता काय करायचं. माफीबिफीच्या भानगडीत पडू नकोस, तू "आई, त्या दिवशी मी" असं म्हणायला लागलीस की त्या म्हणतील कशाबद्दल गं, आणि विषय तिथेच गाडला जाईल, या पिढीच्या बायका त्यात पटाईत असतात. त्यापेक्षा टीव्ही लाव नेहमीसारखा, आणि जाहिराती लागल्या की आवाज कमी करून विचार, "आई, तुम्हाला काय वाटतं, ही कधी बोलेल?" एवढंच. उत्तर आलं तर आलं, नाही तर "काय माहीत बाई" म्हणतील, परत दोन दिवसांनी विचार. आणि कधी त्या सांगायला लागल्या, कोणाचंही, स्वतःचं, बहिणीचं, शेजारणीचं, तर जाहिरात संपली तरी आवाज वाढवू नकोस. एपिसोड ॲपवर परत बघता येतो.

बाकीचं जे मी करते ते सांगते, जमेल ते घे. नायिका एकटीच खिडकीपाशी उभी राहिली आणि मागे ते व्हायोलिन सुरू झालं की मी उठते, दही विरजते, सकाळची भाजी निवडते, थंडीत गराडूचे कंद सोलते, गराडूने हात असे खाजतात की नायिकेची खाज आपोआप विसरते. दोन मिनिटांत काही चुकत नाही, तिथे फक्त नऊ जणांचे चेहरे तीन तीन वेळा दाखवतात. आमच्या त्या गॅलरीतल्या आजींचीच पद्धत ही. आणि आत्या आली की सगळं टाकून समोर बसते, कारण या सीरियलींत खरी करामत बाजूच्या माणसांतच असते, त्यांच्यावर कथा पुढे ओढायचं ओझं नसतं, म्हणून त्यांना माणसासारखं बोलता येतं, हसता येतं, चुगल्या करता येतात. तुझी आत्या बघ, दारामागून ऐकते आणि दुसऱ्या मिनिटाला स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांना सांगून मोकळी. ती नायिका झाली असती तर सीरियल आठवड्यात आटोपली असती!

दुसरं म्हणजे पैज. आमच्याकडे दर सोमवारी लागते, या आठवड्यात बोलणार का नाही, हरणाऱ्याने रविवारी सकाळी जाऊन पोहे-जिलबी आणायची. तुझ्या नवऱ्याला यात ओढ, बीपीच्या गोळ्या मोजण्यापेक्षा बरं. "नाही बोलणार" वर पैसे लावायला लागलीस की तिच्या गप्प बसण्याचा तुला राग येणार नाही, उलट तू म्हणशील गप्प बस गं बाई, शनिवारपर्यंत गप्प बस.

मुलीचं म्हणणं मात्र एकदम उडवून लावू नकोस. टॉक्सिक हा शब्द आजकालची पोरं मिठासारखा वापरतात हे खरं, आणि ती स्वतः जर कोरियन ड्रामे बघत असेल तर तिला विचार की त्यातला तो गोरागोमटा पोरगा दर दोन एपिसोडला मुलीचं मनगट धरून फराफरा ओढत नेतो त्याला काय म्हणायचं. हसेल. पण ती जे विचारतेय ते बरोबर आहे, की हे जे दाखवतात ते बरोबर म्हणून दाखवतात का चूक म्हणून. मी पण एक सीरियल सोडली आहे. नवऱ्याने भर पंगतीत बायकोच्या थोबाडीत मारली, इथपर्यंत ठीक, असे लोक असतात, दाखवा. पण पुढच्या सीनला तोच तिच्या गालाला बर्फ लावतोय आणि मागे प्रेमाचं गाणं, आणि ती लाजतेय. त्या रात्री मी रिमोट ठेवला तो ठेवला, नंतर त्या वेळेला महिनाभर चुकल्यासारखं झालं तरी नाही लावली. माणूस चुकीचा असला तर मला चालतो, बघायला मजा येते. सीरियलच त्याच्या बाजूने टाळ्या वाजवायला लागली की नाही चालत. तुझ्या सीरियलचं अजून तिथपर्यंत गेलेलं नाही, मी बघते ना.

आणि मुलीला अजून एक सांग, म्हणजे सांगू नको, नुसतं लक्षात ठेव. आपल्याकडे शाळा इंग्रजी, रस्ता हिंदी, मराठी म्हणजे घरातली चार माणसं आणि वर्षातून काही वेळा सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक. माझ्या नातवाला कोथिंबीर म्हणलेलं कळत नाही, धनिया म्हणावं लागतं, पण "कटकारस्थान" हा शब्द तो परवा बरोबर जागी वापरून गेला, मी त्याचा मोबाइल लपवला तेव्हा. "आजी, हे तुझं कटकारस्थान आहे." आला कुठून हा शब्द? आठच्या सीरियलमधून आला. मला त्या खलनायिकेला एक साडी पाठवावीशी वाटली.

सासूबाईंना चार दिवस सासूचे आठवत असेल तर गप्पांना तिथून पण सुरुवात करता येईल. त्यात रोहिणी हट्टंगडी सासू आणि कविता लाड सून, आठवतं? तीच कविता लाड पुढे तुला शिकवीन चांगलाच धडा मध्ये भुवनेश्वरी झाली, डोळे वटारणारी सासू. कालची सून ती आजची सासू, हे त्यांच्यापुढे म्हणून बघ आणि तोंडाकडे बघ. माझ्या आईने म्हणलं होतं, "मग तिला आता तरी बोलता येतंय ना."

उरला बीपीचा मुद्दा. तुझी गोळी तू डॉक्टरांनी सांगितलीय तशी घे, आणि नवऱ्याला सांग की तो रात्री न्यूज चॅनलवर जे आठ डबे भांडताना बघतो त्यावर मी काही लिहिलेलं नाही, लिहायला लावू नको.

आत्याच्या नवऱ्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण तुझं मत कळव. माझ्या मते तो जिवंत आहे. फोटोला हार आहे, तेरावं पण दाखवलं, पण बॉडी कोणी पाहिलेली नाही, नुसती नदीकाठी चप्पल सापडलेली, आणि सीरियलमध्ये नुसत्या चपलेवर कोणी मरत नाही. दिवाळीच्या आत परत येतो बघ. पैज, पाव किलो लौंग सेव.